बोका गेला, कुंदाताई

कुंदाताई,

सोमवारी बॅच लावायची आहे. तू नसतानाची पहिलीच. कच्च्या मालाचे ड्रम आलेत, दत्ताने रिअ‍ॅक्टर आतून कोरडा करून ठेवलाय, नायट्रोजनचे सिलिंडर भरून आलेत. सगळं आहे. फक्त तुझं नाक नाही, आणि माझं असून नसल्यासारखं.

लोक भेटतात तेव्हा तुझ्याबद्दल फार मोठं मोठं बोलतात. गावातली पहिली एम.एस्सी., तळोजात स्वतःच्या हिमतीवर उभा केलेला कारखाना, वगैरे. मी मान डोलावते. माझ्या डोक्यात मात्र एवढंच चालू असतं, की सोमवारी व्हेंटच्या पाइपापाशी उभं राहून 'बोका गेला' असं ओरडणार कोण? तू हे ऐकलं असतंस तर म्हणाली असतीस, 'माणूस मेलं आणि हिला बॅचची पडलीय.' आणि पाठोपाठ विचारलं असतंस, 'ड्रमची सीलं बघितलीस ना?' बघितली, ताई. शाबूत आहेत.

हे दुसऱ्या कुणाच्या वाचनात आलं तर त्याला बोका कोण ते कळायचं नाही, म्हणून सांगून टाकते. तुला सगळं पाठ आहे, तू तोवर दुसरीकडे बघ.

आपण सिलिकोनचं पॉलिमर बनवतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना दूध पाजायच्या मऊ नळ्या, बाटल्यांची बुचं, पेणच्या मूर्तिकारांचे रबरी साचे, या सगळ्यांच्या मुळाशी असतो तो दाट, पारदर्शक द्रव. तो कसा बनतो हे नवीन माणसाला सांगताना तू पुस्तकाला कधी हात लावला नाहीस. समोर बसवायचीस आणि गौरीचा फेर सांगायचीस. 'बायका हातात हात धरून गोल फिरतात का नाय? तर अंगणात असे चौघीचौघींचे छोटे फेर आहेत. आता एक आगाऊ बाई येते, एका फेरात घुसते नि दोघींचे हात सोडवते. फेर मोडला. पण जिचा हात मोकळा झाला ती काय गप्प उभी राहणार? ती शेजारच्या फेरात हात घालते. तोही मोडतो, त्यातल्या चौघी हिच्यामागे लागतात, टोकाची पुढच्या फेरात हात घालते. बघता बघता अंगणभर एकच लांब रांग!' ती आगाऊ बाई म्हणजे आपला कॅटॅलिस्ट. एक अल्कली, अगदी चिमूटभर.

आणि मग आवाज खाली आणून तू पुढचं सांगायचीस. रांगेचं मोकळं टोक जिवंत असतं. पुढे फेर मिळाला नाही तर ते मागे वळतं, आपल्याच रांगेतल्या चौघींना तोडून त्यांचा पुन्हा छोटा फेर करून टाकतं. म्हणून रांग हवी तेवढी झाली की आगाऊ बाईला अंगणाबाहेर काढायलाच लागतं. ती जराशी जरी आत राहिली, तर पुढे कधीतरी, कुठल्यातरी हॉस्पिटलात नळी निर्जंतुक करायला तापवली की रांगा तुटायला लागतात आणि नळी चिकट होते. 'नि ती नळी कोणाच्या नाकात असते, ते ध्यानात ठेव,' असं म्हणून तू उठायचीस. 

आपला कॅटॅलिस्ट त्यातल्या त्यात शहाणा. काम झालं की तापमान वाढवायचं, मग तो आपणहून फुटतो आणि वायू होऊन व्हेंटमधून निघून जातो. त्या वायूला वास मात्र नासलेल्या मासळीचा. पहिल्यांदा तो सुटला तेव्हा शेजारच्या गाळ्यातला वॉचमन येऊन विचारून गेला, 'मॅडम, आत जवळा वाळत घातलाय काय?' त्या दिवसापासून वास सुरू झाला की तू म्हणायचीस, बोका आला. वास पुरता थांबला की बोका गेला. हळूहळू तो रिवाजच झाला. तू 'बोका गेला' म्हणून ओरडल्याशिवाय दत्ता उरलेसुरले छोटे फेर ओढून काढणारा व्हॅक्यूमचा व्हॉल्व्ह उघडायचा नाही. कितीही घाई असो, ट्रक दारात उभा असो, तो हाताची घडी घालून तुझ्या तोंडाकडे बघत उभा.

आत काम करणाऱ्यांची नाकं त्या वासाला सरावतात, त्यांचं खरं धरायचं नाही, असं तुझं म्हणणं. म्हणून तू बाहेर बदामाच्या झाडाखाली जाऊन बसायचीस, नाक ताजं ठेवायला. मग ओढणी खोचून यायचीस, डोळे मिटून व्हेंटच्या वाऱ्याकडे तोंड करून एक लांब श्वास घ्यायचीस. एखाद्या सेफ्टीवाल्याने बघितलं असतं तर त्याने कपाळावर हात मारून घेतला असता. आम्ही सगळे श्वास रोखून उभे. आणि मग तुझा तो आवाज, पत्र्याला धडकून परत येणारा.

मी तुझ्याकडे आले ते दिवस आठवतात. मुलगी नुकती शाळेत जायला लागली होती आणि मधली इतकी वर्षं घरी बसल्यामुळे खारघरपासून तळोजापर्यंत मला कुणी दारात उभं करत नव्हतं. तू माझी मार्कशीट न बघताच पालथी घातलीस आणि विचारलंस, 'थांबता येतं का?' मी विचारलं, 'कशासाठी?' म्हणालीस, 'कशासाठीच नाही. नुसतं.' आणि मला दिवसभर रिअ‍ॅक्टरच्या काचेपाशी उभं केलंस. संध्याकाळी विचारलंस, काय दिसलं. मी म्हटलं, 'ढवळणी आधी जड जड होत गेली, आणि मग दुपारनंतर जराशी हलकी झाली.' तू दत्ताकडे बघून हसलीस. 'बहुतेकांना जड झालेली दिसते,' म्हणालीस, 'टोकं मागे वळायला लागली की हलकी होते, ती दिसत नाही. उद्यापासून ये.' एवढीच माझी मुलाखत. ताई, त्या दिवशी मी पनवेल स्टेशनपासून करंजाड्याला रिक्षाने न जाता चालत गेले, कारण घरी पोचायच्या आधी मला एकटीने थोडं खूश व्हायचं होतं. हे तुला सांगायचं राहूनच गेलं.

आणि ती पातळ झालेली बॅच. रिअ‍ॅक्टरमध्ये हवेच्या जागी भरायच्या नायट्रोजनमध्ये बाष्प निघालं आणि घात झाला, रांगांची टोकं पाण्याने धरून टाकली आणि मधासारखा व्हायचा माल तेलासारखा झाला. खरेदीवाला साहेब येऊन आपल्या ऑफिसात बसला आणि विचारायला लागला, 'ही बॅच कुठल्या केमिस्टने केली?' मी दाराशीच उभी होते. तू जागची हलली नाहीस. 'इथं बॅच कुणा एकाची नसते. डब्यावर नाव माझं आहे, काय बोलायचं ते माझ्याशी बोला.' तो गेल्यावर मी आत जाऊन रडत होते, तर तू मागून आलीस. 'रडायचं तर तिकडे लांब उभी राहून रड. डोळ्यातलं असलं तरी पाणीच ते, रिअ‍ॅक्टरजवळ नको.' मला रडता रडता हसू फुटलं. तुझी समजूत काढायची पद्धत ही अशी.

मग करोना आला. आपण दोघी एकाच आठवड्यात आडव्या झालो, मी माझ्या फ्लॅटमध्ये, तू नेऱ्याकडच्या घरी. खोकत खोकत फोनवर भांडलो. मी बरी झाले, पण वास काही परत आला नाही. मुलीच्या केसांचा नाही, कोथिंबिरीचा नाही, उतू जाणाऱ्या दुधाचा नाही. डॉक्टर म्हणाले, येईल. वाट पाहिली आणि मग पाहणंही सोडलं. तुला येऊन सांगितलं, 'ताई, मी आता या कामाची राहिले नाही.' तू चष्म्यावरून माझ्याकडे बघितलंस. काही वेळ काहीच बोलली नाहीस, हे आज आठवतंय. मग म्हणालीस, 'नाक माझं आहे ना? तू डोळे वापर.'

म्हणून मी कागद आणला. शाळेतला लाल लिटमस, ओला करून व्हेंटपाशी धरायचा. बोका असेल तोवर कागद निळा होतो, गेला की लालच राहतो. एवढं सोपं. पण तू ऐकशील तर शपथ. 'कागद निळा व्हायचा थांबला तरी बोका कोपऱ्यात शेपटी गुंडाळून बसलेला असतो. तुझ्या कागदाला काय कळतंय?' मग मी हट्टाला पेटले. व्हेंटचा वायू पाण्यातून बुडबुडे काढत न्यायला लागले, त्या पाण्यात कागद बुडवून बघायला लागले, नमुना ओव्हनमध्ये तापवून तो पातळ होतो का ते तपासायला लागले. तुझ्या नाकातून सुटेल पण माझ्या हातून सुटणार नाही, इथवर नेलं. आणि तू? तू यायचीस, म्हणायचीस, 'दाखव बघू, काय म्हणतो तुझा कागद.' निरखून बघायचीस, नाक मुरडायचीस, 'एक चहा होऊ दे' म्हणून बाहेर जायचीस. चहा पिऊन यायचीस, श्वास घ्यायचीस आणि ओरडायचीस. झालं! माझा कागद दर वेळी बरोबर निघायचा आणि दर वेळी भाव खाऊन जायचं तुझं नाक. दत्ता म्हणायचा, 'बाईंचं नाक म्हणजे मशीन हाय.' मला राग यायचा, खरंच यायचा. मी तुला कितीदा म्हटलं असेल, 'एकदा तरी कबूल कर, कागद पुरेसा आहे.' तुझं उत्तर ठरलेलं. 'मरेपर्यंत नाय.'

मागच्या बॅचला तू काय केलंस ते माझ्या मनातून जात नाही. चहा पिऊन आलीस, व्हेंटपाशी उभी राहिलीस, आणि श्वास न घेताच माझ्याकडे वळलीस. 'आज तू ओरड.'

मला वाटलं, चेष्टा करतेयस. तेही सगळ्यांसमोर. मी म्हटलं, 'ताई, मला वास येत नाही हे तुला माहितीये. असली थट्टा नको.' माझा आवाज चढला होता. तू हसलीस, हात हलवून 'बरं बरं' म्हणालीस आणि स्वतःच ओरडलीस. जरा थकल्यासारखी वाटलीस, पण मी तेव्हा रागात होते. नंतरच्या आठवड्यात दुपारी घरी जेवून आडवी झालीस ती उठलीच नाहीस.

आता सोमवारी सगळे माझ्याकडे बघतील. माझ्याकडे कागद आहे, ओव्हन आहे, पण मागे तू नाहीस. कागदाने सांगितल्यावर तुझ्या नाकाने होकार भरायचा, असंच माझं इतकी वर्षं चाललं होतं. तो होकार नसताना, बाळांच्या नळ्यांत जाणारा माल 'झाला' असं म्हणायची माझी छाती होत नाही. रागाने म्हटलं असेल काहीही, पण मी त्या नाकाच्या जिवावर झोपत होते, ताई. खरेदीवाल्याला फोन करून सांगावं, तुम्ही दुसरीकडून घ्या, इथवर माझं मन आलंय.

*

वरचं इथवर लिहून ठेवलं होतं. आज रविवार, तुझ्या घरी जाऊन आले आणि पुन्हा लिहायला बसलेय. 

तुझ्या दाराशी चपला काढताना सवयीने हात टेकणार होते, तो मागे घेतला. दारावरचा तो पंजा तसाच आहे. घर रंगवायला काढलं होतं तेव्हा तू कारखान्यातून आलीस आणि प्रायमर मारलेल्या दारावर हात टेकून चपला काढल्यास. दुसऱ्या दिवशी रंगाऱ्याने हिरवा ऑइलपेंट मारला, तर नेमका तेवढ्या जागेवर रंग धरेना. फुटून फुटून मागे सरायचा आणि मधे पाच बोटं उघडी. बिचाऱ्याने घासून पुन्हा मारला, पुन्हा तेच. दाराला बाधा आहे म्हणून तो शेवटी काम सोडून गेला. आपल्या हाताला कायम सिलिकोनचं तेल असतं आणि त्याच्यावर कुठलाही रंग बसत नाही, हे जगात सगळ्यात जास्त तुला ठाऊक, आणि घोळ तूच घातलास. भाऊ दार बदलायला निघाला तर तुझी वहिनी म्हणाली, राहू दे, नणंदेची सही हाय. आज ती सुमनवहिनी त्याच दारात उभी होती. मला बघून तिने पदर डोळ्याला लावला आणि आत नेलं.

माझ्या हातात चहा देऊन ती खिडकी लावायला गेली. 'शेजारी बोंबील भाजतायत गो. सुतकाच्या घरात वास नको. तुला पन येत असल ना?'

मी म्हटलं, 'मला वास येत नाही, वहिनी. करोनापासून गेला तो गेलाच.'

ती खिडकीपाशीच थांबली. 'तुला पन? म्हंजे दोघींना येकच.'

मी म्हटलं, 'दोघी कोण?'

'तू नि कुंदा. तिला तरी कुठं येत व्हता?'

मला वाटलं, दुःखात काहीतरी भलतं बोलतेय. मी म्हटलं, 'अहो, ताईचं नाक तर आख्ख्या तळोजात प्रसिद्ध आहे.' ती समोर येऊन बसली. 'नाय गो बाय. त्या दुखन्यातनं उठली तवापासून तिला कायच येत नव्हता. गॅस चालू राह्यला तरी कळायचा नाय, मी घरात नसले का जीव टांगनीला. म्हावरा आनला तर मला इचारायची, सुमन, ताजा हाय का बघ गो. कुनाला सांगू नको म्हनून माझ्या गल्यावर हात ठेवून शपथ घातली व्हती. आता ती गेली, कसली शपथ नि काय.'

मी हातातला कप खाली ठेवला. विचारलं, 'मग कारखान्यात? ती तर व्हेंटपाशी उभी राहून...'

'त्याचं मी पन इचारला. का गो फसवतेस मानसांना? तर बोलली, फसवत नाय. वर्षा कागद लावते तो बरोबर असतो. मी चा पिऊन येते नि वरडते. मानसांना माझं नाक पायजे, नि मला वर्षाचा कागद.'

'मला का नाही सांगितलं?'

सुमनवहिनीने माझ्या पाठीवर हात ठेवला. 'तिला कळला तर तिचे हात कापतील, बोलायची. मागं कुनीतरी हाय असा वाटला का मानूस नीट काम करतो.'

वहिनीचा निरोप घेऊन रिक्षात बसले. मग गाढी नदीच्या पुलावर मला हसू यायला लागलं. रिक्षावाला आरशातून बघत होता. हसता हसता रडू कधी सुरू झालं कळलं नाही. नाटकी बाई! बदामाच्या झाडाखाली बसून नाक ताजं ठेवत होतीस म्हणे. कुठलं नाक? झाडाखालून मी टेस्ट करताना स्पष्ट दिसते, एवढाच त्या जागेचा उपयोग. एकदा मुद्दाम मी कागद खिशात लपवून 'आधी तू सांग' म्हटलं होतं, तर तुला नेमकी सर्दी झाली होती! करपलेल्या दुधाचा चहा आपण दोघी मिटक्या मारत प्यायलो होतो आणि दत्ताने बाहेर जाऊन ओतून टाकला, तेव्हा तरी माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. आणि 'तू डोळे वापर' म्हणायच्या आधी तू गप्प राहिली होतीस ते काय होतं, तेही आज कळलं. मी रडत माझं गाऱ्हाणं सांगत होते आणि तेच गाऱ्हाणं तुझ्याही पोटात होतं. तू ते गिळलंस.

तू मला कधी शाबासकी दिली नाहीस, अशी माझी तक्रार असायची. घरी नवऱ्याजवळ मी कितीदा तरी ती बोलून दाखवली आहे. आज बसून विचार करतेय. कागद बघून, चहा पिऊन, आख्ख्या कारखान्याला ऐकू जाईल असं तू दर बॅचला ओरडलीस, ती शाबासकी नाही तर दुसरं काय होतं? मी केलेल्या कामावर स्वतःचं नाव, स्वतःची अब्रू ठेवून ओरडत होतीस. माझ्या आयुष्यात माझ्यावर एवढा भरवसा कुणी टाकला नाही, ताई. आईबापांनीही नाही. आणि तू तो असा टाकलास की त्याचं ओझं माझ्या खांद्याला लागलं नाही.

पण म्हणून सगळं माफ नाही हं. एक भांडण उरलंच आहे आणि ते मी सोडणार नाही. दत्ताला, बाकीच्यांना तू जे नाही ते आहे म्हणून दाखवलंस. ती माणसं तुझ्या शब्दावर व्हॉल्व्ह उघडत होती. मला हे पटलेलं नाही. तू काय म्हणशील तेही मला ऐकू येतंय. 'कागद खोटा होता काय? माल परत आला काय?' नाही आला. तरीही नाही पटत. माझ्या कागदावर तुझा विश्वास होता, तर माणसांवरही ठेवायचा होतास. त्यांनाही कळलं असतं. समोर असतीस तर तू हात झटकून 'तू कर तुझ्या मनासारखं' म्हणाली असतीस. ठीक आहे. करते.

*

सोमवार, संध्याकाळ.

बॅच सकाळी लावली. ढवळणी जड झाली, मग जराशी हलकी झाली. तापमान वाढवलं आणि थोड्या वेळाने दत्ता म्हणाला, 'बोका आला.' तो हळू बोलला आणि माझ्याकडे न बघता बोलला.

मी सगळ्यांना व्हेंटपाशी बोलावलं. म्हटलं, मला वास येत नाही हे तुम्हाला माहिती आहे. ताईलाही येत नव्हता, करोनापासून. ती माझा कागद बघून ओरडायची. आजपासून इथे नाक नाही, फक्त हा कागद आहे आणि ओव्हनमधला नमुना आहे. दोन्ही तुम्ही स्वतः बघायचं. ज्याला शंका असेल त्याने हात वर करायचा, मग आपण थांबायचं. एकदोघांनी एकमेकांकडे बघितलं.  मला वाटलं, संपलं सगळं, यांचा तुझ्यावरचाही विश्वास मी घालवून बसले.

दत्ता पुढे आला आणि पाण्यातला कागद चिमट्याने उचलून उजेडात धरला. निळा होता. आम्ही थांबलो. पुन्हा लावला, कडेला निळसर. पुन्हा थांबलो. मग एक कागद लालच राहिला. पुढचाही लाल. दत्ताने तो सगळ्यांना फिरवून दाखवला. ओव्हनमधला नमुना काढून बोटावर घेतला, ताणून बघितला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, 'बाई आपल्याला फसवायच्या, असा म्हनता?'

मी म्हटलं, 'हो.'

त्याने तो कागद पुन्हा एकदा बघितला. 'मग आमी रोज ऐकत व्हतो ते तुमचंच ऐकत व्हतो की.' आणि तो हातांची घडी घालून व्हॉल्व्हपाशी जाऊन उभा राहिला, तुझ्या वेळी उभा राहायचा तसा, माझ्या तोंडाकडे बघत.

मी म्हटलं, 'एक चहा होऊ दे.'

बदामाखाली तुझ्या जागेवर बसून प्यायले. तिथून व्हेंट दिसतो, टेस्टचं टेबल दिसतं, आणि टेबलाशी उभं राहणाऱ्याची पाठ दिसते. चहा संपवून आत आले, ओढणी खोचली आणि व्हेंटच्या वाऱ्याकडे तोंड करून एक लांब श्वास घेतला. गरम हवा तेवढी आत गेली. पहिल्या वेळी 'बोका गेला' हळूच म्हटलं.

दत्ता म्हणाला, 'ऐकू नाय आला, मॅडम.'

मग मी ओरडले. पत्र्यावर आपटून परत आला एवढा आवाज निघाला, शेजारच्या गाळ्यातला वॉचमन खुर्चीवरून उठून उभा राहिला. दत्ताने व्हॉल्व्ह उघडला.

आज तू ओरड, असं म्हणाली होतीस ना, ताई? ओरडले.